मोटारीच्या दिव्याचा मोतीबिंदू

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गड, तहनामे आणि लढाया उभ्या राहतात. मींही अडतीस वर्षें शाळेंत मुलांना तोच इतिहास शिकविला. आज मात्र मी एका अगदीं सामान्य वस्तूचा इतिहास आपणांस सांगणार आहें. ती वस्तु म्हणजे मोटारीच्या तोंडावरचा दिवा, आणि त्यांतही त्या दिव्यावरचें झांकण. मी मॅट्रिकच्या पलीकडे शिकलेला नाहीं आणि यंत्रशास्त्र हा कांहीं माझा प्रांत नव्हे. तेव्हां हा विषय मीं निवडला असें म्हणण्यापेक्षां तो माझ्या अंगावर चालून आला असें म्हणणेंच अधिक खरें होईल. आला तोही रात्रींच्या वेळीं, पाटणच्या अलीकडे, भर रस्त्यांत.

दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्ष महिन्यांत आम्ही उभयतां कऱ्हाडास मुलीकडे गेलों होतों. निघतां निघतां दिवस मावळला. आमचें गांव घाटाखालीं, चिपळुणाजवळ. तेव्हां कुंभार्लीचा घाट उतरूनच घर गांठावयाचें होतें. गाडी मी स्वतः चालवीत होतों. नोकरींत असतांना दुसऱ्याची जुनी झालेली म्हणून ती मला स्वस्तांत मिळाली होती, आणि त्यासही आतां बरींच वर्षें लोटलीं आहेत. ऊसतोडीचा हंगाम भरांत होता. एका वळणानंतर समोर कांहींतरी हललें असें वाटलें, आणि पुढच्याच क्षणीं उसानें लादलेली बैलगाडी दहा-पंधरा हातांवर दिसली. मीं सगळ्या अंगाचा भार ब्रेकवर दिला. मोटार थांबली तेव्हां उसाचीं वाढीं तिच्या नाकाला टेकलीं होतीं.

मी रागानेंच खालीं उतरलों. गाडीच्या मागें दिवा नाहीं, चमकणारी तांबडी पट्टी नाहीं, हें त्या गाडीवानास चार शब्दांत समजावून द्यावें असा माझा विचार होता; शिक्षकाची खोड जात नाहीं. परंतु माझ्या आधीं तोच बोलला. तो म्हणाला, "अवो बाबा, अंधारात बत्ती न लावता गाडी हाकताय व्हय?" श्रोतेहो, त्या वेळीं माझ्या मोटारीचे दोन्ही दिवे जळत होते. मीं त्यांच्याकडे वळून पाहिलें आणि मला उत्तर सुचलें नाहीं. घाट उतरून घर येईपर्यंत पत्नीनें एक शब्दही उच्चारला नाहीं.

माझी पहिली समजूत अशी झाली कीं दोष माझ्या डोळ्यांचा. आदल्याच वर्षीं माझ्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढलेले होते. शस्त्रक्रियेंत कांहीं उणें राहिलें असावें अशी शंका मनांत आली. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं डोळे उत्तम आहेत. मग मी मोटारींच्या एका कारखान्यांत गेलों. तेथें मला अधिक वॅटचे दोन बल्ब विकण्यांत आले. पैसे गेले, उजेड होता तेवढाच राहिला. शेवटीं हमरस्त्यावर मोटारदुरुस्तीचें लहानसें दुकान चालविणारा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्यानें दिव्याच्या झांकणावरून अंगठा फिरविला, क्षणभर निरखून पाहिलें आणि तो म्हणाला, "गुरुजी, वात कशाला मोठी करताय? काच काजळलीय."

त्याचें म्हणणें खरें होतें. झांकण पिवळें पडलें होतें आणि त्यावर दुधाळ साय धरली होती. माझ्या डोळ्यांतला पडदा डॉक्टरांनीं काढला तो जणूं मोटारीच्या डोळ्यांत जाऊन बसला होता. कंदिलाची कांच राखेनें पुसली कीं लख्ख होते; ही कां होत नव्हती? माझ्या लहानपणीं पाहिलेल्या मोटारींच्या दिव्यांस असा मोतीबिंदू झालेला मला आठवत नाहीं. मग हा रोग आला कोठून? या प्रश्नाच्या मागें लागतां लागतां जी हकीकत हातीं लागली ती आपल्यापुढें ठेवतों.

मोटार जन्मास आली ती घोड्याच्या गाडीचीं वस्त्रें नेसूनच. कार्ल बेंझ यानें जर्मनींत १८८६ सालीं आपल्या गाडीची सनद मिळविली, आणि त्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतील मोटारींना जे दिवे मिळाले ते बग्गीचेच होते. कोठें मेणबत्ती, कोठें तेलाची वात. असल्या दिव्याचें काम वाट दाखविणें हें नसून दुसऱ्यास आपली गाडी दिसावी एवढेंच होतें. घोड्याला स्वतःचे डोळे असतात, तो खड्डा पाहून थबकतो. मोटारीला डोळे नाहींत, ही गोष्ट तिचा वेग वाढूं लागला तेव्हां लोकांच्या ध्यानांत आली.

तिला पहिले खरे डोळे दिले ते एका फसलेल्या प्रयोगानें. टॉमस विल्सन नांवाचा एक कॅनेडियन गृहस्थ अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना प्रांतांत विजेच्या भट्टींत ॲल्युमिनियम स्वस्तांत काढण्याच्या खटपटींत होता. १८९२ सालीं चुना आणि डांबर एकत्र तापवितां त्याच्या हातीं एक काळपट खडा आला. तो पाण्यांत टाकतांच त्यांतून वायु निघूं लागला, आणि तो वायु पेटवितां प्रखर ज्योत निघाली. तो खडा कॅल्शियम कार्बाइडचा आणि तो वायु ॲसिटिलीन. वरच्या टांकींतून खड्यांवर थेंब थेंब पाणी पडावें, खालून निघणारा वायु नळीनें दिव्यांत जावा आणि ज्योतीच्या मागें अंतर्गोल आरसा असावा, अशी ही बत्ती मोटारींवर चढली. वाऱ्यापावसांतही तिची ज्योत सहसा विझत नसे.

ही बत्ती आपल्याकडील वडीलधाऱ्या श्रोत्यांस परकी नाहीं. माझ्या लहानपणीं जत्रेंतील खेळण्यांच्या आणि बत्ताशांच्या दुकानांवर कार्बाइडची बत्ती जळत असे, आणि तिच्या उग्र वासावरूनच जत्रा जवळ आली हें आम्हां पोरांना कळे. तोच खडा पुढें आमच्या कोंकणांत आंब्याच्या अढींत शिरला. आतां त्या उपयोगास कायद्यानें बंदी आहे. असो. फ्रान्समध्यें लुई ब्लेरियो या तरुण यंत्रज्ञानें मोटारींसाठीं ॲसिटिलीनचे दिवे तयार करून विकले आणि त्यांत पैसा मिळविला. तो सगळा पैसा त्यानें विमानें बांधण्यांत आणि मोडण्यांत घातला. २५ जुलै १९०९ रोजीं इंग्लंड आणि फ्रान्स यांमधील खाडी विमानांतून ओलांडणारा पहिला मनुष्य तो हाच. शाळेच्या पुस्तकांत त्याचें विमान येतें, दिवे येत नाहींत.

ॲसिटिलीन मोठा बेभरवशाचा. नुसताच दाबून भरला तर तो आपोआप फुटतो. त्यास ॲसिटोन नांवाच्या द्रवांत विरघळवून, सच्छिद्र पदार्थानें भरलेल्या नळकांड्यांत ठेवण्याची युक्ति फ्रेंचांनीं काढली. तिच्या जोरावर १९०४ सालीं इंडियानापोलिस येथें कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनीं मोटारींना तयार वायूचीं नळकांडीं पुरविण्याचा व्यवसाय उभारला. त्यांच्या कारखान्यांत एकदां नव्हे, अनेकदां स्फोट झाले. आणि ज्याची हकीकत वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलों तो मनुष्य म्हणजे स्वीडनचा गुस्ताफ दालेन. दीपगृहांचे ॲसिटिलीनचे दिवे सूर्य उगवतांच आपोआप मंदावावे आणि मावळतांच पेटावे अशी झडप त्यानें बनविली होती. १९१२ सालीं या वायूच्याच एका चांचणींत स्फोट झाला आणि त्याची दृष्टि कायमची गेली. त्याच वर्षीं त्याला पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें घेण्यास त्याचा भाऊ गेला, आणि तो भाऊ नेत्रवैद्य होता. दालेन यानें मात्र काम सोडलें नाहीं. १९३७ सालीं मृत्यु येईपर्यंत तो आपला कारखाना चालवीतच होता.

त्याच १९१२ सालीं ॲसिटिलीनची सद्दी संपावयास आरंभ झाला. अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत हातानें दांडा फिरविण्याऐवजीं विजेनें यंत्र सुरू करण्याची सोय आली. तिच्याबरोबर डायनामो आला, बॅटरी आली, आणि मग दिवेही विजेचे झाले. ही योजना चार्ल्स केटरिंग याची. हा केटरिंग तरुणपणीं खेडेगांवांतील शाळेंत मास्तर होता आणि डोळ्यांच्या दुखण्यामुळें त्याला कॉलेजचें शिक्षण मध्येंच सोडावें लागलें होतें; तें त्यानें पुढें पुरें केलें. आमच्या व्यवसायांतला आणि आमच्याच दुखण्याचा मनुष्य म्हणून त्याचें नांव मी जरा अभिमानानें घेतों, हें श्रोत्यांनीं समजून घ्यावें.

आतां आपण झांकणाकडे येऊं. विजेचा दिवा आला तरी त्याची रचना कंदिलासारखीच होती: मागें चांदीचा मुलामा दिलेला आरसा, मध्यें बल्ब, पुढें कांच. या तिहींच्या सांध्यांतून धूळ आणि दमट हवा आंत शिरे. चांदी काळी पडे. बल्ब जागेवरून तसूभर हलला तरी प्रकाश आकाशाकडे किंवा समोरच्याच्या डोळ्यांत जाई. म्हणजे दिव्याची अंधुकता हा रोग जुनाच आहे. मात्र त्या काळीं तो आरशाला होत असे, कांचेला नव्हे.

या रोगावर अमेरिकेनें जो उपाय केला तो मला या सगळ्या इतिहासांत अतिशय शहाणपणाचा वाटतो. १९३९ सालीं, म्हणजे १९४० सालच्या नव्या मोटारींसाठीं, तेथें सीलबंद दिवा निघाला. आरसाही कांचेचा, झांकणही कांचेचें, दोन्ही एकमेकांस वितळवून जोडलेलीं आणि तार आंत कायमची बंद. आरशावर चांदीऐवजीं निर्वात जागेंत ॲल्युमिनियमची वाफ बसविलेली. ती काळी पडत नाहीं. व्यास सर्वांचा ७ इंच. मोटार कोणाचीही असो, गरिबाची कीं लक्षाधीशाची, दिवा तोच. तार जळली म्हणजे संपूर्ण दिवाच काढून टाकावयाचा आणि कोणत्याही गांवच्या दुकानांतून दुसरा आणून बसवावयाचा. हें वरवर पाहतां उधळेपणाचें दिसतें. पण विचार केला तर असें ध्यानांत येईल कीं या पद्धतींत कांहीं वर्षांनीं मोटारवाल्यास नुसती नवी तार मिळत नसे, तर तिच्यासोबत नवा आरसा आणि नवी कांचही आपोआप मिळे. दिवा म्हातारा होण्यापूर्वींच बदलला जाई. पुढें १९५७-५८ मध्यें चार लहान दिव्यांची आणि १९७५ च्या सुमारास चौकोनी दिव्यांची परवानगी मिळाली, तरी तत्त्व तेंच राहिलें.

आपल्याकडील ॲम्बॅसडर आणि मुंबईस कुर्ल्याला तयार होणारी पद्मिनी या दोन्ही मोटारींचे ते वाटोळे दिवे आठवा. कांच जाड, तिच्यावर उभ्या रेघांची नक्षी. ती नक्षी शोभेची नव्हे. प्रकाश रस्त्याच्या रुंदींत पसरावा म्हणून केलेली ती लोलकांची मांडणी होती. पुष्कळ गाड्यांच्या दिव्यांचा वरचा भाग काळ्या रंगानें माखलेला असे, समोरच्याचे डोळे दिपूं नयेत म्हणून. अशा कांचेवर खडे लागून टवके उडत, क्वचित् तडाही जाई; परंतु ती पिवळी पडत नसे. कांचेला ऊन लागत नाहीं. माझ्या स्मरणांत मोतीबिंदू नाहीं तो यामुळें.

युरोपनें निराळी वाट धरली होती. तेथें बल्ब बदलतां येई, म्हणून कांचेला मोटारीच्या तोंडाप्रमाणें हवा तो आकार देण्यास मोकळीक होती. १९६२ सालीं तेथें हॅलोजनचा बल्ब आला; त्यानें उजेड वाढविला. अमेरिकेंत मात्र कायद्यानें सीलबंद दिवाच चालू ठेवला. मग १९७३ चें तेलसंकट आलें. पेट्रोल महागलें, १९७५ सालीं कमी तेलांत अधिक मैल धांवणाऱ्या मोटारी बनविण्याचा कायदा झाला, आणि सरळ उभा सपाट दिवा वाऱ्याला अडवितो ही गोष्ट कारखानदारांना एकदम बोंचूं लागली. उताराच्या नाकाला उताराचाच दिवा हवा होता. १९८१ सालीं फोर्ड कंपनीनें सरकारकडे तशी मागणी केली, १९८३ सालीं नियम बदलला, आणि १९८४ सालची लिंकन मार्क सेव्हन ही नव्या पद्धतीच्या दिव्यांची अमेरिकेंतील पहिली मोटार ठरली. या दिव्यांचें झांकण कांचेचें नव्हतें. तें पॉलिकार्बोनेट नांवाच्या प्लॅस्टिकचें होतें.

या पदार्थाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. म्यूनिकच्या आल्फ्रेड आइनहॉर्न यानें १८९८ सालींच या कुळांतील पदार्थ तयार केले होते. पण त्यांचा उपयोग कोणास सुचला नाहीं, आणि आइनहॉर्नचें नांव राहिलें तें अंग बधिर करणाऱ्या नोव्होकेन या औषधामुळें. पंचावन्न वर्षांनीं, १९५३ सालीं, जर्मनींत बायर कंपनीच्या हर्मान श्नेल यानें आणि अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यानें, एकमेकांची वार्ता नसतांना, थोड्या दिवसांच्या अंतरानें हाच पदार्थ बनविला. सनद श्नेल यास मिळाली आणि दोन्ही कंपन्यांनीं आपसांत समेट केला. कांचेसारखा पारदर्शक, वजनानें कांचेच्या निम्मा, वाटेल त्या आकारांत ओततां येणारा, आणि घणानें मारला तरी फुटावयास तयार नसणारा असा हा पदार्थ. १९६९ सालीं चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या डोक्यावर जे घुमटाकार पारदर्शक टोप होते ते याचेच. असा पदार्थ सोडून जड, ठिसूळ कांच कोण वापरील? १९९० नंतरच्या दशकांत युरोपनेंही तोच स्वीकारला आणि आपल्याकडच्या नव्या मोटारींतही तो आला.

पण या सद्गुणी पदार्थाला दोन दोष आहेत. एक, तो फुटत नाहीं परंतु ओरखडतो. त्याचा पृष्ठभाग कांचेच्या मानानें मऊ. दुसरा दोष गंभीर. सूर्यप्रकाशांतील जे जंबुपार, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचे अदृश्य किरण, ते या पदार्थाच्या कणांमधील सांखळ्या तोडतात. तुटलेले तुकडे निराळ्या रीतीनें जुळून पिवळ्या रंगाचीं द्रव्यें तयार होतात. त्यांवर हवेंतील प्राणवायूची क्रिया होते आणि पृष्ठभागावर अत्यंत सूक्ष्म भेगा पडतात. यावर तोड म्हणून कारखान्यांत झांकणाला कठीण, किरण शोषणारें असें पातळ लेपन देतात. तें लेपन केंसाच्या जाडीहूनही पातळ असतें. ऊन, धूळ, वाळू आणि गाडी धुणाराचा कोरडा फडका यांच्यापुढें तें कांहीं वर्षें टिकतें. मग सोलवटूं लागतें, आणि खालचें प्लॅस्टिक उघडें पडतें.

येथें मला एक गोष्ट स्पष्ट बोलावीशी वाटते. प्लॅस्टिक आणणाऱ्यांना मी दोष देत नाहीं. अपघातांत कांचेचे तुकडे रस्त्यावर उडत नाहींत, वजन घटतें, तेल वांचतें, हे लाभ खरे आहेत. पण पूर्वींच्या व्यवस्थेंत वात आणि कांच एकत्र बदलत असत; नव्या व्यवस्थेंत वात बदलते आणि कांच मोटारीच्या जन्मापासून मरणापर्यंत तीच राहते. प्रत्येक मोटारीचा आकार निराळा म्हणून नवा दिवा महाग. नवी गाडी घेणारास याची झळ पोंचत नाहीं. त्याच्या ताब्यांत असेपर्यंत लेपन शाबूत असतें. झळ लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकास, म्हणजे माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणारास. त्यांत पुन्हां फसगत अशी कीं हा अंधार एका रात्रींत पडत नाहीं. तो महिन्यामहिन्यानें, नकळत वाढतो, आणि मनुष्य म्हणतो, आतां वय झालें, दिसत नाहीं.

अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन या संस्थेनें २०१८ सालीं असे जुने, धुरकट दिवे मोजून पाहिले. जवळच्या झोतांत त्यांचा उजेड नव्या दिव्याच्या सुमारें एक-पंचमांश भरला. रुपयांतले वीस पैसे उरले होते! बाकीचे ऐंशी कोठें जातात? कांहीं त्या थरांतच गडप होतात. कांहीं इतस्ततः विखुरतात, आणि विखुरलेल्या प्रकाशाचा कांहीं भाग समोरून येणाराच्या डोळ्यांत जातो. म्हणजे अंधुक दिव्याचा मोटारवाला स्वतः पाहत नाहीं आणि दुसऱ्यासही पाहूं देत नाहीं. मोतीबिंदूच्या रुग्णाला समोरचा दिवा फुटून पसरल्यासारखा दिसतो हें मी स्वानुभवानें जाणतों. तोच प्रकार येथें उलट दिशेनें होतो.

सुदैव इतकेंच कीं डोळ्याच्या मोतीबिंदूंत सबंध भिंग गढूळ होतें आणि तें काढूनच टाकावें लागतें. दिव्याचा रोग मात्र वरवरच्या कातडीचा आहे. त्या पिवळ्या थराखालीं पदार्थ पहिल्याइतकाच निर्मळ असतो. म्हणून इलाज करतां येतो.

तो इलाज माझ्या विद्यार्थ्यानें माझ्या डोळ्यांदेखत केला. प्रथम त्यानें झांकण साबणानें धुतलें आणि सभोंवतीं पत्र्याचा रंग खरवडूं नये म्हणून चिकटपट्टी लावली. मग पाण्यांत भिजवलेला वॉटर पेपर घेतला. या कागदाचा आंकडा जितका मोठा तितके त्याचे कण बारीक. त्यानें ८०० पासून आरंभ केला. घांसतांना पाणी सतत हवें, कागद कोरडा पडतां कामा नये. पहिलें पाणी जें वाहिलें तें हळदीसारखें पिवळें होतें. तें पाणी पांढरें होईपर्यंत त्यानें कागद बदलला नाहीं, कारण पिवळेपणा म्हणजे मेलेली कातडी अद्याप शिल्लक आहे. पुढें १०००, मग २०००, मग ३०००; प्रत्येक खेपेस घांसण्याची दिशा बदलून, म्हणजे आधींच्या कागदाचे ओरखडे राहिले तर ते आडवे दिसतात. हें चालू असतां झांकण आधींपेक्षांही पांढरें, गारेच्या दगडासारखें दिसूं लागलें आणि मला वाटलें कीं पोरानें माझा दिवा घालविला. मीं तसें बोलूनही दाखविलें. तो हंसला. "गुरुजी, गणित अर्धं सोडवलेलं असताना तुम्ही वही बघू द्यायचा नाहीत," असें म्हणून त्यानें रबिंग कंपाउंड लावून मऊ कापडानें चोळावयास सुरुवात केली, आणि पांच मिनिटांत आंतला आरसा लखलखीत दिसूं लागला.

बहुतेक लोक येथेंच थांबतात, आणि हीच मोठी चूक. कारखान्याचें जें लेपन उरलेंसुरलें होतें तेंही आतां घांसून गेलेलें असतें. उघड्या प्लॅस्टिकवर ऊन पडलें कीं तोच मोतीबिंदू थोड्या महिन्यांत परततो. म्हणून शेवटीं जंबुपार किरण अडविणारा पारदर्शक लेप द्यावाच लागतो. त्यानें झांकण स्पिरिटनें पुसून, धूळ नसलेल्या खोलींत, दोन पातळ हात फवारले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवून घेतली.

दांत घांसण्याची पेस्ट चोळून दिवा स्वच्छ होतो असें पुष्कळजण सांगतात. होतो; त्या पेस्टींत बारीक घर्षणद्रव्य असतें. पण लेपाशिवाय तें काम फार दिवस टिकत नाहीं. डांस पळविण्याचें मलम फांसण्याचा दुसरा उपाय तर करूंच नये. अशा मलमांत डीट नांवाचें जें द्रव्य असतें तें प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवितें. त्यामुळें क्षणभर चकाकी येते आणि पृष्ठभाग कायमचा बिघडतो. ॲसिटोनचेंही तसेंच, ॲसिटिलीनला कह्यांत ठेवणारा हा द्रव पॉलिकार्बोनेटला तडे पाडतो. आणि दमटपणा किंवा डाग झांकणाच्या आंतल्या बाजूस असेल तर वरून कितीही घांसलें तरी उपयोग नाहीं. तेथें नवा दिवा घेणें प्राप्त आहे. उपर्युक्त संस्थेच्याच मोजणीप्रमाणें चांगल्या दुरुस्तीनें उजेड नव्याच्या सुमारें सत्तर टक्क्यांपर्यंत परत येतो, शंभर नव्हे. मला तेवढा पुरला.

दिवे परत मिळाले त्याच आठवड्यांत आम्ही पुन्हां कऱ्हाडास गेलों, आणि मुद्दाम रात्रींचेच परतलों. रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड मोजतां येत होते. पाटणच्या अलीकडे उसाच्या चार-पांच गाड्या ओळीनें चालल्या होत्या. त्या मला लांबूनच दिसल्या आणि मीं वेग कमी केला. शेवटच्या गाडीच्या मागें कोणीतरी कंदील टांगला होता. तो गाडीवान तोच कीं दुसरा हें अंधारांत ओळखूं आलें नाहीं. पत्नी मात्र त्या रात्रीं घर येईपर्यंत बोलत होती.

यंदा लेपाला दुसरें वर्ष चालू आहे. उजवा दिवा अजून स्वच्छ आहे. डाव्यावर कडेला किंचित् पिवळी झांक दिसूं लागली आहे. अंगणांत गाडी उभी असते तेव्हां दुपारचें ऊन डाव्या बाजूलाच पडतें, हें मला इतक्या वर्षांनीं आतां कळलें. पावसाळा सरल्यावर दुसरा लेप देण्याचें ठरलें आहे. तोंवर मी गाडी उलट तोंडानें लावतों आणि दिव्यांवर गोणपाट टाकतों.